अनपेवॉल: करडं कुलूप हिरवं होईपर्यंत

ठाण्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि ठाणे खाडीतल्या निवट्यांवर, म्हणजे चिखलात राहणाऱ्या माशांवर, काम करते. तीन वर्षांपासून ब्राउझरला 'अनपेवॉल' जोडलेलं आहे: पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या शोधनिबंधांच्या फुकट प्रती शोधून देणारं साधन. फुकट आहे, संगणकावर क्रोम आणि फायरफॉक्सवर चालतं, बसवायला दोन मिनिटं पुरतात. शोधनिबंधाचं पान उघडलं की उजव्या कडेला छोटंसं कुलूप दिसतं. हिरवं आणि उघडं असेल तर टिचकी मारायची, पूर्ण निबंध समोर येतो. करडं असेल तर फुकट प्रत त्याला सापडलेली नाही. चोरून टाकलेल्या प्रती ते दाखवत नाही, म्हणून विद्यार्थ्यांनाही मी बिनधास्त सुचवते. फक्त डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, नसलेले जुने निबंध त्याच्या हाती लागत नाहीत, ते ग्रंथालयातच शोधावे लागतात. पाचपैकी साडेचार.

सेटिंगमध्ये एक खूण केली की निबंध कुठल्या वाटेनं खुला झाला, हेही कुलपाच्या रंगावरून कळतं. सोनेरी म्हणजे जर्नलनंच खुला ठेवलेला, हिरवं म्हणजे एखाद्या ऑनलाइन भांडारात ठेवलेली प्रत. या रंगांवरून आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत वाद चालतो. एक सर सोनेरीच्या बाजूचे: अंतिम, छापील रूप, पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुलं. म्हणणं चूक नाही. पण त्यासाठी बहुतेकदा लेखकाकडून फी घेतात, ते पैसे कोण भरणार? 'नेचर' या जर्नलनं २०२१ मध्ये ही सोय सुरू केली तेव्हा एका निबंधाची फी ९,५०० युरो होती. मला एका परदेशी जर्नलनं ३,००० डॉलर सांगितले, म्हणजे अडीच लाखांच्या घरात. वाचकाच्या दाराचं कुलूप काढून लेखकाच्या दाराला लावलं, तर त्याला मी खुलेपणा म्हणणार नाही. मी फी भरली नाही. निबंध छापून आला आणि कुलपात गेला.

दुसऱ्या मॅडमचं म्हणणं, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आली की आता, सरकारच वर्गणी भरून जर्नल्स वाचायला देतंय! २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. योजना मोठी आहे, आणि सरकारी विद्यापीठातल्या माझ्या मैत्रिणीला तिचा खरोखर उपयोग होतोय. पण ती सरकारी संस्थांपुरती. आमचं कॉलेज तिच्यात बसत नाही आणि ज्यांच्या होडीतून मी खाडीभर फिरले ते विटाव्याचे कोळी काका तर नाहीतच. त्यांच्या भाच्यानं हौसेनं माझा निबंध उघडायला घेतला आणि फोन केला, "मॅडम, तुमचं पान पैसे मागतंय." निवट्यांची बिळं कुठल्या चिखलात असतात, भरतीला कुठली बुजतात, हे मला काकांनी गुडघाभर चिखलात उतरून दाखवलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

मग हिरवी वाट धरली. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून 'अर्काइव्ह' या खुल्या ऑनलाइन भांडारात आपले निबंध ठेवत आलेत, आपण जीवशास्त्रवाले मात्र कराराचा कागद न वाचताच सही करतो. मी तो शेवटी नीट वाचला. जर्नलनं मांडणी करून छापलेली पीडीएफ टाकायची नाही, पण परीक्षकांच्या सूचनांनंतर स्वीकारली गेलेली माझी स्वतःची वर्डची प्रत बारा महिन्यांनंतर भांडारात ठेवायला मुभा होती. खर्च शून्य. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं 'झेनोडो' हे भांडार सगळ्यांना खुलं आहे, तिथं ती ठेवली. पुढे दर आठवड्याला निबंधाचं पान उघडून उजव्या कडेला बघायचे. करडं, करडं, करडं. पाचव्या आठवड्यात, एका शुक्रवारी प्रॅक्टिकल संपवून बसले तेव्हा ते हिरवं झालेलं होतं.

लिंक लगेच विटाव्याला पाठवली. भाच्यानं काकांना मराठीत सांगत सांगत सगळा निबंध वाचून दाखवला. रविवारी काकांचा फोन आला: तिसऱ्या फोटोखाली विटावा लिहिलंय, पण तो चिखल ऐरोलीकडचा आहे, मागं दिसणारी तिवरं बघा. मी माझी वही काढून तारीख आणि वेळ ताडून पाहिली. काकांचं बरोबर होतं. झेनोडोवर दुरुस्त प्रत चढवली आहे आणि आभारांत आता त्यांचं नाव आहे.