नवे म्हणून विकले, रंग खरवडला तर जुने निघाले: पिकअपच्या पाट्यांचा माझा अनुभव

मी मधमाश्या पाळतो. जावळी तालुक्यात केळघरच्या आसपास रानाच्या कडेला माझ्या मेलिफेरा जातीच्या, म्हणजे युरोपियन मधमाश्यांच्या पेट्या असतात. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलोऱ्यात आले की परागीभवनासाठी त्या खटाव तालुक्यात न्याव्या लागतात. पेट्यांपर्यंतची वाट म्हणजे दगडगोट्यांची बैलगाडीवाट, मध्ये दोन ओढे. म्हणून बोलेरो कॅम्पर घेतली, तीही फोर बाय फोर. तिने 1,40,000 किलोमीटर निमूटपणे काढले. मग मागचे पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग), बसले. भार टाकला की ॲक्सल रबरी स्टॉपरवर आपटायचा, गाडी डावीकडे कलायची.

साताऱ्यात आमचे एक जुने पाटेवाले आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी गाडीखाली जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "दोन पाटे नवे टाकू, एक जादा देऊ, बाकीच्यांना पुन्हा कमान देऊन पाणी देऊ, म्हणजे तापवून-बुडवून कडक करू. चार दिवस लागतील." चार दिवस माझ्याकडे नव्हते. शेतकऱ्यांना तारीख दिली होती, फुलोरा कुणासाठी थांबत नाही. महामार्गावरच्या एका मोठ्या दुकानात 'जादा भाराचा नवा सेट, एका दिवसात फिटिंग' असं कळलं, तिकडे गाडी घातली.

दुकान चकाचक होतं. काउंटरवर एक सेट मांडलेला: प्रत्येक पाट्यावर ठसठशीत शिक्का, टोकांना नायलॉनचे पॅड, जाडी 8 मिलिमीटर. मी तो हातात धरून पाहिला. हाच सेट बसवणार का, असं विचारलंही. "याच लॉटमधला, दादा." दोन्ही बाजूंचे पाटे, बुश, पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट आणि मजुरी धरून 24,000 रुपये ठरले. जुने पाटे भंगारात घेऊन त्यातले 1,500 कमी करतो म्हणाले. मला तो दिलदारपणा वाटला.

गाडी आत घेतली आणि मालक म्हणाले, "दादा, तीन तास लागतील, बिनधास्त जेवून या." मी जेवायला गेलो. फसवणूक त्या तीन तासांत झाली.

परत आलो तेव्हा गाडी मागून चांगली दोन इंच उचललेली होती. खाली वाकून पाहिलं तर काळेभोर चकचकीत पाटे. मी खूश झालो. बिलावर फक्त 'पाटा सेट, 2 नग' असं लिहिलं होतं. कंपनीचं नाव, पार्ट नंबर, जाडी, काहीच नाही. वॉरंटी तोंडी, एक वर्षाची. घाईत मी ते खिशात घातलं.

तीन आठवड्यांत डावी बाजू पुन्हा दीड इंच खाली आली. वळणावर करकर आवाज येऊ लागला. फोन केला तर "नवे पाटे बसतातच थोडे, सेट होऊ द्या" असं उत्तर मिळालं. थोडे बसतात हे खरं आहे, म्हणून मी विश्वास ठेवला. पण नवा पाटा दोन्हीकडे सारखा बसतो. एकाच बाजूला एवढा उतरला, तिथेच मी गाडी थांबवायला हवी होती.

पेट्या रात्रीच हलवाव्या लागतात. अंधार पडला की माश्या घरी येतात, मग दारं बंद करायची आणि ऊन चढायच्या आत नव्या जागी दारं उघडायची. उशीर झाला तर बंद पेटीत उष्णतेने पोळ्यातलं मेण मऊ पडतं, फ्रेम कोसळतात आणि माश्या गुदमरून मरतात. त्या रात्री 30 पेट्या भरून निघालो. कोरेगाव मागे पडलं, वर्धनगडचा घाट चढत होतो. एका वळणावर खड्ड्यात चाक गेलं, बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडीची मागची बाजू बाजूला सरकली. उतरून टॉर्च मारली. डावा मेन पाटा, म्हणजे सगळ्यांत वरचा, मधल्या सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला होता, त्याखालचाही तुटलेला. ॲक्सल मागे सरकून टायर बॉडीला घासत होता. चढ होता, दुसऱ्या गिअरमध्ये होतो, म्हणून वाचलो. हेच उतारावर झालं असतं तर मी हे लिहायला नसतो. माझ्यासोबत माझा भाचा होता, एकोणीस वर्षांचा.

रात्री साडेअकराला पुसेगावच्या मित्राला उठवलं. तो त्याची पिकअप घेऊन आला. घाटात उभं राहून, ओली पोती टाकत, एकेक पेटी आम्ही त्या गाडीत चढवली. आतल्या माश्यांचा घूं घूं आवाज वाढत होता. पहाटे प्लॉटवर पोचून दारं उघडली. तीन वसाहती गेल्या, त्यातली एक माझ्या सगळ्यांत जोमदार राणीची होती.

गाडी ओढून चाचांकडे आणली. त्यांनी सेट सोडवला आणि पाटे एकेक करून फरशीवर मांडले. ते मला रागावले नाहीत, फक्त दाखवत गेले. रंग खरवडला तर खाली गंजाचे खड्डे. पाट्यांवर खालच्या पाट्याचं टोक घासून पडलेली खाच होती. ती वर्षानुवर्षं भार वाहिल्याशिवाय पडत नाही. शिक्का असायचा तिथे ग्राइंडर फिरवलेला. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर चार पाटे 7 मिलिमीटरचे. एक मिलिमीटरने काय होतं असं मला वाटलं. पण रुंदी आणि लांबी तीच असली तर पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे 8 मिलिमीटरचा पाटा 7 वाल्यापेक्षा जवळपास दीडपट ताठ असतो.

मग त्यांनी तुटलेला तुकडा उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजलेला; उरलेला अर्धा चकचकीत, ताजा. काळा भाग म्हणजे आधीची चीर. माझ्या गाडीखाली आला तेव्हाच तो पाटा अर्धा तुटलेला होता. त्याला गॅसवर तापवून, हातोड्याने कमान देऊन, वर काळा रंग मारला होता. पाट्याचं पोलाद भट्टीत लाल करून तेलात बुडवावं लागतं, मग पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. तेव्हा त्याला लवचीकपणा येतो. नुसतं गॅसवर वाकवलं की तापलेली जागा मऊ पडते, कमान चार दिवस दिसते आणि मग उतरते. चाचांनी त्यांच्याकडच्या नव्या पाट्यावर कानस चालवली, जेमतेम चरे पडले. माझ्या पाट्यावर चालवली तर भुसा निघाला. यू बोल्टही नवे नव्हते, जुनेच पुन्हा आवळले होते, आटे ताणलेले.

दुकानदाराकडे तुकडे घेऊन गेलो. "ओव्हरलोड केलात तुम्ही." काउंटरवरचा तो सुंदर सेट अजून तिथेच होता.

बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला तर तो भलत्याच नावाच्या व्यवसायाचा निघाला. हे मी पैसे देण्याआधी दोन मिनिटांत पाहू शकलो असतो. आता 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पोस्टाने नोटीस पाठवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज तयार आहे. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तुटलेले पाटे मी तारखेच्या चिठ्ठीसह घरात ठेवले आहेत. कुणी कितीही म्हणालं तरी असे तुकडे परत देऊ नका.

पाटे बदलणार असाल तर गाडीपाशी उभे राहा, जेवण राहिलं तरी चालेल. जो सेट दाखवला त्याच्या शिक्क्याचा फोटो काढा आणि बसवल्यावर तोच शिक्का गाडीखाली शोधा. आयात माल म्हणून सांगितलं तर पॅकिंगवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि मूळ देश छापलेला मागा, कायद्याने तो असावाच लागतो. बिलावर प्रत्येक पाट्याची जाडी लिहून घ्या. यू बोल्ट नवेच घ्या आणि 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.

आणि जुने पाटे घरी आणा. त्या 1,500 रुपयांत मी माझे दमलेले पाटे त्यांच्या हाती दिले, आणि ते भंगारात गेले असतील असं मला आता वाटत नाही. माझ्या डाव्या मेन पाट्याच्या पुढच्या टोकाशी, बुशच्या नळीला लागून, छिन्नीने मारलेली दोन टिंबं आहेत. बाजू ओळखायला मीच मारली होती. तुमच्या 'नव्या' सेटवर रंगाखाली ती सापडली तर त्या गाडीत भार टाकू नका आणि घाटात नेऊ नका. तो पाटा 1,40,000 किलोमीटर चाललेला आहे.