घोषणेतला टॉवर की उभा राहिलेला टॉवर: अतिउंच इमारतीत घर घेताना

एखाद्या मोठ्या शहरात अतिउंच आणि आलिशान निवासी इमारत येणार असल्याची कुणकुण लागली, की पाया खणला जाण्याच्या कितीतरी आधी तिच्याविषयीची चर्चा उभी राहते. मजले किती, उंची किती, वास्तुरचनाकार कोण, सर्वांत वरचे घर कोणी आधीच उचलले, अशा गोष्टी तोंडोतोंडी फिरू लागतात आणि त्याच सुमारास निवडक ग्राहकांना ‘आत्ता नोंदणी केलीत तर’ अशी सुरुवात असलेले फोन येतात. ज्याची ऐपत आहे आणि ज्याला अशा उंचीवर राहायचेच आहे, त्याच्यापुढे तेव्हा निवड असते ती दोन पर्यायांची: या घोषित इमारतीत नाव नोंदवायचे, की त्याच शहरात काही वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या, माणसे राहत असलेल्या तशाच दर्जाच्या इमारतीत घर घ्यायचे. पुढील आढावा या दोन पर्यायांचा आहे. बांधकाम सुरू असलेली इमारत हा मधला पर्यायही त्यात ओघाने येईल, कारण माझ्या मते बऱ्याच जणांनी आधी त्याचाच विचार करायला हवा.

इमारत होणार का, आणि झाली तर हीच होणार का

घोषित इमारतीबाबत हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पहिल्याचे ठळक उदाहरण शिकागोचे आहे. सांतियागो कालात्रावा यांनी आखलेल्या ‘शिकागो स्पायर’ या १५० मजली, सुमारे ६१० मीटर उंचीच्या निवासी इमारतीचे काम २००७ साली सुरू झाले आणि २००८च्या आर्थिक पडझडीत थांबले. मागे उरला तो सुमारे २३ मीटर खोलीचा गोल खड्डा. दुबईत एक किलोमीटरहून उंच होणार म्हणून ऑक्टोबर २००८मध्ये जाहीर झालेल्या नखील टॉवरचे काम पुढच्याच जानेवारीत थांबवण्यात आले. जेद्दा टॉवरचे बांधकाम २०१३मध्ये सुरू झाले, २०१८मध्ये थांबले आणि जानेवारी २०२५मध्ये पुन्हा सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी वास्तुरचनाकार नामांकित होते आणि योजना गाजावाजा करून जाहीर झाल्या होत्या. मोठे नाव आणि मोठी जाहिरात यांवरून इमारत पूर्ण होईल की नाही, याचा अंदाज बांधता येत नाही, एवढे तरी त्यांवरून म्हणता येते.

दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण मुंबईचे आहे. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ या इमारतीची घोषणा २०१० साली झाली, ती ४४२ मीटर उंचीची, ११७ मजल्यांची आणि जगातील सर्वांत उंच निवासी इमारत म्हणून. विमानवाहतुकीच्या दृष्टीने त्या उंचीला लागणारी परवानगी मिळाली नाही आणि प्रत्यक्षात जी इमारत उभी राहिली तिची उंची सुमारे २८० मीटर आहे. तीही मोठीच इमारत आहे आणि तिच्यात राहणाऱ्यांना उत्तम घरे मिळाली असतील. पण घोषणेतली आणि उभी राहिलेली इमारत एक नव्हे. वरच्या मजल्यांचे आकर्षण धरून नोंदणी करणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावे, कारण उंची कमी करायची वेळ आली की कमी होतात ते वरचेच मजले.

अतिउंच इमारतीच्या बाबतीत ही जोखीम जास्त का असते, याचे कारण तिच्या बांधणीतच आहे. दहा छोट्या इमारतींची वसाहत टप्प्याटप्प्याने बांधता येते. तीन इमारती झाल्या की तिथे लोक राहायला येतात, त्या विक्रीतून पुढच्या चौथीचे काम निघते आणि बाजार बसला तर उरलेल्या सहा कागदावर ठेवता येतात. टॉवरला ही सोय नाही. पायाचा खर्च पहिल्या दिवसापासून पूर्ण उंचीच्या हिशोबाने करावा लागतो, लिफ्ट, पाणी, वीज आणि अग्निशमनाच्या यंत्रणा अखंड इमारतीसाठी बसवाव्या लागतात आणि त्या पूर्ण झाल्याशिवाय खालच्या मजल्यावरही सहसा कोणाला राहायला जाता येत नाही. त्यामुळे अशी इमारत तेजीच्या काळात जाहीर होते, मंदीच्या काळात तिची निम्मी उंची झालेली असते आणि मधल्या मधे थांबायला तिला जागा नसते.

उलट पूर्ण झालेल्या इमारतीबाबत हे दोन्ही प्रश्न उरलेलेच नसतात. तिच्याविषयी विचारायचे ते प्रश्न निराळे असतात आणि ते कमी गंभीर असतात असे मात्र नाही. त्यांकडे पुढे येतो.

अफवेला किती महत्त्व द्यायचे

उंचीबद्दलच्या तर्कवितर्कांना जुनी परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगचे सुमारे ५६ मीटरचे पोलादी शिखर इमारतीच्या आतच गुपचूप जुळवले गेले आणि ऑक्टोबर १९२९मध्ये अचानक बाहेर काढून बसवले गेले, ते प्रतिस्पर्धी इमारतीला मागे टाकण्यासाठी. बुर्ज खलिफाची ८२८ मीटर ही अंतिम उंची जानेवारी २०१०मधील उद्घाटनापर्यंत अधिकृतपणे सांगितलीच गेली नव्हती आणि तोवर जगभर अंदाज बांधले जात होते. तेव्हा आकडा गुप्त ठेवणे किंवा हळूच फुटू देणे हा विक्रीचाच भाग असू शकतो, हे धरून चालावे. त्यातही राहणाऱ्याच्या दृष्टीने उंचीचा आकडा फारसा कामाचा नाही: बुर्ज खलिफाच्या उंचीपैकी सुमारे २४४ मीटर भाग वापरातल्या सर्वांत वरच्या मजल्याच्याही वर आहे. मजल्यांच्या क्रमांकांचेही तसेच. न्यूयॉर्कच्या ‘४३२ पार्क अ‍ॅव्हेन्यू’ या इमारतीत वरच्या मजल्याला ९६ हा क्रमांक आहे, मजले मात्र ८५ मोजले जातात.

अफवा आणि योजना यांतला फरक ओळखायला एक उपयोगी मोजमाप उपलब्ध आहे. उंच इमारतींची जागतिक नोंद ठेवणारी, ‘कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट’ या नावाने ओळखली जात आलेली शिकागोची संस्था एखादी इमारत ‘प्रस्तावित’ म्हणून नोंदवण्यापूर्वी काही गोष्टी पाहते: जागा निश्चित आहे का आणि तिच्यावर प्रकल्पकर्त्यांचा हक्क आहे का, संकल्पचित्रांच्या पुढे जाऊन तपशीलवार आराखडे करणारा पूर्ण चमू कामाला लागला आहे का, परवानगी मिळाली आहे किंवा रीतसर मागितली आहे का, आणि बांधण्याचा खरोखर इरादा आहे का. ग्राहकाने या यादीत आणखी दोन प्रश्न घालावेत. बांधकामासाठीचे कर्ज मंजूर झाले आहे का, आणि नोंदणीपोटी दिलेले पैसे कोणत्या खात्यात राहणार आहेत? विक्री करणारा माणूस दृश्यांबद्दल अर्धा तास बोलला आणि या दोन प्रश्नांवर ‘ते सगळे प्रक्रियेत आहे’ म्हणाला, तर तेवढ्यावर धनादेश फाडू नये.

डोळ्यांना काय दिसते

घोषित इमारतीच्या विक्री दालनात मधोमध काचेखाली तिची प्रतिकृती असते, आतून दिवे लावलेली. ती जरा वाकून पाहावी. विकायची इमारत पांढरीशुभ्र आणि बारीक तपशिलांसह केलेली असते. आजूबाजूच्या इमारती बऱ्याचदा पारदर्शक प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी दाखवलेल्या असतात आणि समोरचा मोकळा भूखंड हिरव्या रंगाने. तुमच्या खिडकीतून दिसणारे पाणी किंवा टेकडी त्या पारदर्शक ठोकळ्यातून आरपार दिसते, खऱ्या इमारतीतून ती दिसणार नाही. आणि हिरव्या भूखंडावर उद्या काय येऊ शकते हे प्रतिकृतीवरून कळत नाही, तिथल्या बांधकाम नियमांवरून कळते. नमुना सदनिकेतही असेच पाहावे. पलंग नेहमीच्या मापाचा आहे की आखूड, खोल्यांना दारे बसवली आहेत की केवळ चौकटी आहेत, छताची उंची करारात लिहिली आहे तेवढीच आहे का, आणि वातानुकूलनाचे पाइप जाण्यासाठी छत जिथे खाली येणार आहे तिथे ते इथेही आले आहे का, हे मोजपट्टी काढून बघायला संकोच वाटू देऊ नये. कार्पेट एरियाचा आकडा कागदावरच पडताळावा, कारण बारीक अंगाच्या उंच इमारतीत लिफ्ट, जिने आणि यंत्रणा सामावणारा मधला गाभा प्रत्येक मजल्याचा मोठा वाटा घेतो.

पूर्ण झालेल्या इमारतीत हे सगळे प्रत्यक्ष उभे असते, आणि जे दिसते तेच मिळते. न दिसणारे मात्र बरेच असते. सॅन फ्रान्सिस्कोचा ५८ मजली मिलेनियम टॉवर २००९मध्ये राहण्यासाठी खुला झाला. तो खचतो आहे आणि कलतो आहे, हे सर्वसामान्यांना कळले ते २०१६मध्ये. त्याचे मूळ पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोलवर घातलेले खांब, खालच्या खडकापर्यंत नेलेले नव्हते. पुढे इमारतीच्या दोन बाजूंना खडकापर्यंत पोहोचणारे १८ नवे पाइल घालण्याचे काम २०२३मध्ये पूर्ण झाले. म्हणजे ज्याने २०१२ साली ‘तयार इमारत आहे, आता कसली जोखीम’ असे म्हणून तिथे घर घेतले असेल, त्याचा तर्क बरोबर असूनही निष्कर्ष चुकला. ‘४३२ पार्क अ‍ॅव्हेन्यू’ची गोष्ट वेगळी आहे. २०१५मध्ये पूर्ण झालेली ही ४२६ मीटर उंचीची इमारत इतकी सडपातळ आहे की तिची रुंदी उंचीच्या पंधराव्या भागाएवढीच आहे. वारा आरपार जावा म्हणून तिचे काही मजले उघडे ठेवले आहेत आणि हेलकावा कमी करण्यासाठी वरच्या भागात मोठी वजने बसवली आहेत. तरीही तिथल्या रहिवाशांच्या मंडळाने २०२१मध्ये विकासकांवर दावा लावला. पाण्याची गळती, अडकणाऱ्या लिफ्ट आणि वाऱ्यात होणारी करकर अशा तक्रारी त्यात होत्या.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. उंच इमारत वाऱ्यात हलतेच, तिने थोडे हलावे अशीच तिची रचना असते आणि त्या हलण्याने ती असुरक्षित ठरत नाही. प्रश्न सुखसोयीचा असतो. जोराच्या वाऱ्यात दिव्यांची झुंबरे हलतात, टबमधले पाणी हिंदकळते, लिफ्टचे दोर झुलू नयेत म्हणून तिचा वेग कमी केला जातो आणि प्रसंगी ती थांबवली जाते. कोणाला याचे काही वाटत नाही, कोणाला रात्रभर झोप लागत नाही. आपण यांपैकी कोण आहोत, हे घोषित इमारतीच्या दालनात बसून कोणालाही समजणार नाही.

पैशांचा हिशोब

घोषणेच्या टप्प्यावर मिळणारी सवलत हा पहिल्या पर्यायाचा मुख्य आधार आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. समजा, तयार घराची किंमत १०० आहे आणि तेच घर आज नोंदवले तर ८०ला मिळते, पैसे पाच वर्षांत समान हप्त्यांनी द्यायचे आहेत आणि तेच पैसे अन्यत्र ठेवले असते तर वर्षाला ६ टक्के मिळाले असते. हप्ते सरासरी अडीच वर्षे गुंतून राहतात, त्यामुळे ताब्याच्या दिवशी त्या ८०ची खरी किंमत सुमारे ९२.५ होते. वीस टक्क्यांची सवलत इथेच साडेसातवर आली. आता ताबा लांबला, तर सगळी रक्कम अडकलेली असल्यामुळे साधारण सोळा महिन्यांत उरलेली सवलतही संपते. तीन वर्षे उशीर झाला तर हिशोब ११०पर्यंत जातो. या काळात दुसरीकडे राहण्याचा खर्च यात धरलेला नाही. दुसऱ्या बाजूने, मधल्या काळात भाव वाढले तर तो फायदाही यात नाही, आणि पुष्कळ जण नोंदणी करतात ते त्या एका आशेवर. ती आशा ठेवायला हरकत नाही, मात्र तिला सवलत म्हणू नये.

तयार घराच्या बाजूने खर्चाचा विचार निराळा आहे. तिथे जवळजवळ सगळी रक्कम एकदम लागते, आणि देखभालीचा मासिक खर्च पहिल्या वर्षी किती होता व आता किती आहे हे मागच्या हिशोबांवरून दिसते. घोषित इमारतीत हा आकडा केवळ अंदाज असतो आणि माझ्या मते तो नेहमीच कमी धरलेला असतो. वेगवान लिफ्ट, उंचावर पाणी चढवणारे पंप, काचेच्या दर्शनी भागाची साफसफाई यांचा खर्च घर रिकामे ठेवले म्हणून थांबत नाही.

मधला पर्याय

पाया पूर्ण होऊन सांगाडा जमिनीवर दहा-पंधरा मजले आला, की घोषित इमारतीविषयीच्या बहुतेक अफवा आपोआप मिटतात. जमिनीखालचे सर्वांत अनिश्चित काम उरकलेले असते, परवानग्या हातात असतात आणि कर्ज देणाऱ्यांनी पैसे सोडायला सुरुवात केलेली असते. सवलत थोडी कमी मिळते, पण हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधून घेता येतात. हाही पर्याय निर्धोक नाही. लॉस एंजेलिसमधील ओशनवाइड प्लाझाच्या तिन्ही इमारतींचे सांगाडे उभे असताना, २०१९मध्ये पैशांअभावी काम थांबले आणि २०२४मध्ये त्या अर्धवट मजल्यांवर भित्तिचित्रे रंगवणाऱ्यांनी ताबा मिळवला तेव्हा त्या जगभर दिसल्या. सांगाडा झपाट्याने चढतो, प्रकल्प रेंगाळतो तो काचा, लिफ्ट आणि आतल्या यंत्रणांच्या टप्प्यावर. म्हणून कितवा स्लॅब पडला यापेक्षा लिफ्टची मागणी नोंदवली आहे का हे विचारणे जास्त उपयोगाचे.

गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याने, आणि तेही सात-आठ वर्षे ज्याच्याविना अडणार नाही अशाच पैशांतून, घोषणेच्या टप्प्याचा विचार करावा. करारात उंची, मजला, दिशा किंवा क्षेत्रफळ बदलल्यास व्याजासह पैसे परत मिळण्याचे कलम असेल तरच सही करावी. ज्याला येत्या दोन-तीन वर्षांत राहायला जायचे आहे, त्याने पायाच्या वर आलेली किंवा पूर्ण झालेली इमारतच पाहावी, आणि पूर्ण झालेली असेल तर निदान पाच वर्षे वापरात असलेली. रहिवाशांच्या मंडळाची मागील इतिवृत्ते आणि न्यायालयीन दाव्यांची माहिती मागावी. घर पाहायला मात्र स्वच्छ उन्हाच्या सकाळी जाऊ नये. जोराचा वारा सुटलेल्या संध्याकाळी, सगळे कामावरून परतत असतात त्या वेळी जावे, तळमजल्यावर लिफ्टची किती वाट पाहावी लागते ते घड्याळात बघावे आणि वर पोहोचल्यावर दिवाणखान्यात दहा मिनिटे काही न बोलता बसावे.