कॅम्पसवर रोज फिरायला कोणती दुचाकी: पेट्रोल स्कूटर, इलेक्ट्रिक की जुनी मोटरसायकल?

नाशिकच्या विद्यापीठांत शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांसमोर साधारण तीन पर्याय असतात: ११० ते १२५ सीसीची नवी पेट्रोल स्कूटर, इलेक्ट्रिक स्कूटर आणि जुनी १०० सीसी मोटरसायकल. बहुतेक जण किंमत आणि अ‍ॅव्हरेज बघून ठरवतात. आमच्या मते आधी एवढं मोजावं: गाडी दिवसातून किती वेळा सुरू होणार आणि दर वेळी किती लांब जाणार.

छोट्या फेऱ्यांचा त्रास

होस्टेल ते विभाग, विभाग ते ग्रंथालय, तिथून कँटीन. प्रत्येक फेरी जेमतेम किलोमीटरभर. पेट्रोल इंजिनाला याहून जाचक वापर नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा भाग पिस्टनच्या कडेने खाली उतरतो. इंजिन चांगलं तापलं तर ती उडून जाते; त्याआधीच बंद केलं तर तिचं पाणी होऊन ते ऑइलमध्ये मिसळतं. पावसाळ्यात आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे जास्त होतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. टोकाला दुधाळ कॉफीच्या रंगाचा फेस दिसला, तर कारण बहुधा हेच असतं. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून खर्च झालेला करंट दोन मिनिटांच्या फेरीत भरून निघत नाही. म्हणून वर्षभरातच बॅटरी गेल्याची तक्रार कॅम्पसवरच्या गाड्यांत नेहमीची.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा गाडी सलग वीसेक मिनिटं चालवा. ऑइल ३,००० किमी किंवा ४ महिने, यांतलं जे आधी येईल तेव्हा बदला. स्कूटरमध्ये मॉडेलनुसार साधारण ६५० ते ८०० मिली ऑइल बसतं. मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, १०० ते १२० मिलीच. पण सर्व्हिसिंगमध्ये हमखास राहून जातं ते हेच, तेव्हा विचारून बदलून घ्या. स्कूटरच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमबी' हा ऑइलच्या प्रकाराचा शिक्का असतो, मोटरसायकलच्या 'जासो एमए' किंवा 'एमए२'. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात स्कूटरचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी उचलत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरला यातलं काहीच लागू नाही. दिवसात वीस वेळा चालू-बंद केली तरी तिचं बिघडत नाही. कॅम्पसच्या आतल्या वापरापुरतं बोलायचं तर ती सरळ जिंकते.

थांबणं

१२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे. स्कूटरचा डावा लिव्हर दाबला की कॉम्बीमुळे पुढचा ब्रेकही थोडा लागतो. त्याआधीच्या मोटरसायकलवर ही सोय बहुधा नसते. घाबरून पाय नुसता मागच्या ब्रेकवर पडतो, चाक जाम होतं आणि ओल्या पानांवर किंवा बारीक खडीवर गाडी आडवी जाते. जुनी गाडी घेणाऱ्याने दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाब वाढवत लावायची सवय मोकळ्या जागेत करून घ्यावी.

वेगाचा हिशेब मात्र तिन्ही गाड्यांना एकच. ताशी ४० किमीला सेकंदाला ११ मीटर अंतर जातं. समोर कोणी आल्याचं लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरा. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला बारा मीटर, म्हणजे एकूण साधारण २३ मीटर. ताशी २० ला हेच अंतर ९ मीटरच्या आत येतं. कानात इयरफोन घालून मोबाइल बघत चालणारं पोर वाचतं ते या चौदा मीटरांत.

इलेक्ट्रिकचे दोन धोके वेगळे आहेत. ती आवाज करत नाही, त्यामुळे पायी चालणाऱ्याला मागून आलेली कळत नाही; वळणावर हॉर्न द्यावाच लागतो. दुसरं, गाडी चालू ठेवून उतरून ढकलताना चुकून थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पिळला जातो आणि ती एकदम पुढे झेपावते. उतरायच्या आधी बंद करा. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून बॅटरी भरते त्यामुळे, तिचा खरा ब्रेक कमी वापरला जातो. पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो, म्हणून रोज एकदा तरी ब्रेक मुद्दाम दाबून बघा.

गेटबाहेरचा रस्ता

इथे मोटरसायकलचं पारडं जड होतं. तिचं १८ इंची चाक खड्ड्यावरून पार होतं, स्कूटरचं १० किंवा १२ इंची चाक त्यात उतरतं. महिरावणीच्या संदीप विद्यापीठात शहरातून रोज त्र्यंबक रोडने जायचं असेल, तर फरक जाणवतो. त्र्यंबककडे शहरापेक्षा पाऊस जास्त, शिवाय श्रावणी सोमवारी गर्दीही. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जाणाऱ्या दिंडोरी रोडवर द्राक्षांच्या हंगामात पिकअप आणि ट्रॅक्टर वाढतात. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री अगदी जवळ आल्यावरच दिसते. गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठासाठी गंगापूर रोडने येणाऱ्याला कोणतीही गाडी चालेल.

२५० वॅटपर्यंतच्या मोटरची, ताशी २५ किमीच्या आत धावणारी इलेक्ट्रिक गाडी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी आणि लायसन्स लागत नाही म्हणून पुष्कळ जण ती घेतात. आवाराच्या आत ती उत्तम. पण त्र्यंबक रोडवर मागून ६० ने येणाऱ्या ट्रकपुढे ती उतरवू नये. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, हनुवटीखालचा पट्टा लावलेलं, आणि आवारातही डोक्यावरच.

खर्च आणि चार्जिंग

३ किलोवॅट-तास बॅटरी पूर्ण भरायला साडेतीन युनिट लागतात आणि प्रत्यक्षात ८० ते ९० किमी मिळतात. तेवढ्यासाठी स्कूटर पावणेदोन-दोन लिटर पेट्रोल पिते, आणि पेट्रोल शंभरीपुढे आहे. पण हा फायदा खात्रीचा सॉकेट असेल तरच. अर्थिंग तपासलेला १६ अँपियरचा सॉकेट हवा. खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शन वायर तापते आणि वितळते. काढून आणलेली बॅटरी होस्टेलच्या जिन्यात किंवा दाराच्या वाटेवर चार्जिंगला लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. लांबून आल्यावर अर्धा तास गार होऊ द्या, मग चार्जिंग.

जुनी घ्यायचीच असेल तर

टायरवरचे चार आकडे वाचा: '२३२१' म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. नक्षी ठीक असली तरी सहा वर्षांपुढचं रबर कडक होऊन ओल्यात घसरतं. चेनचा सैलपणा मधोमध २० ते ३० मिमी असावा. ती फिरवताना कुठे ताठ, कुठे सैल लागली तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च किमतीतून वजा करा. २०२० आधीच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने रबरी नळ्या फुगतात, चिरतात. पेट्रोलचा वास आला तर तिथेच बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन नाव बदलून घ्या. गाडीवर कर्ज होतं का, हे आरसी बुकावर पाहा. असेल तर फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्रही हवं.

आमचा कौल असा: आवारातच राहत असाल आणि सॉकेट हाताशी असेल तर इलेक्ट्रिक. शहरातून रोज ये-जा असेल आणि चार्जिंगची खात्री नसेल तर पेट्रोल स्कूटर. सलग अंतरामुळे तिचं इंजिनही नीट तापतं. जुनी मोटरसायकल फक्त त्र्यंबकसारख्या लांबच्या रस्त्यासाठी, आणि तीही ओळखीच्या मेकॅनिकने चालवून पाहिल्यावर.

उन्हाळी सुट्टीत गावी जाताना इलेक्ट्रिकची बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून गाडी सावलीत लावा. शून्यावर सोडली तर परतल्यावर चार्जच होणार नाही अशी शक्यता असते. पेट्रोल गाडीच्या बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा आणि टायरमध्ये हवा पूर्ण भरून गाडी मेन स्टँडवर लावा.