‘कॅश बायर’ असल्याचे सांगून: स्लाउमधील घरविक्रीत झालेली आमची फसवणूक

इंग्लंडमध्ये राहते घर विकून त्याच पैशांत दुसरे घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा अनुभव लिहीत आहे. स्लाउमधील आमचे तीन बेडरूमचे घर विकताना एका इस्टेट एजंटाने खरेदीदाराविषयी आम्हांला खोटी माहिती दिली, आलेली दुसरी ऑफर आमच्यापासून दडवून ठेवली, आणि त्यापायी मेडनहेडमध्ये ठरलेले घर आमच्या हातून गेले. कंपनीचे नाव येथे देत नाही. सावध राहण्यासाठी नावापेक्षा फसवणुकीची पद्धत कळणे अधिक उपयोगाचे आहे, आणि ती पद्धत कोणीही वापरू शकतो.

ज्यांनी येथे अजून घर विकलेले नाही त्यांच्यासाठी आधी व्यवहाराची रीत सांगतो. पुण्यात किंवा ठाण्यात इसार देऊन पावती झाली की दोन्ही बाजू काही अंशी तरी शब्दाला बांधल्या जातात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर मान्य झाली तरी कायद्याने कोणीच बांधले जात नाही. त्यानंतर दोन्हीकडचे सॉलिसिटर कागदपत्रे तपासतात, सर्व्हे होतो, कौन्सिलच्या सर्चेस, म्हणजे घराविषयीच्या सरकारी नोंदींची तपासणी, येतात, बँकेकडून मॉर्गेज मंजूर होते, आणि या सगळ्यानंतर ज्या दिवशी करारांचे एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होते त्या दिवशी व्यवहार पक्का होतो. मध्ये कित्येक महिने जातात आणि तोवर कोणीही, कसलेही कारण न देता, माघार घेऊ शकतो. त्यात साखळी असेल तर जोखीम आणखी वाढते. आमचा खरेदीदार, आम्ही, मेडनहेडचे कुटुंब आणि ते ज्यांचे घर घेणार होते ते लोक, अशा सर्वांचे एक्स्चेंज एकाच दिवशी व्हावे लागते. एक कडी तुटली की सर्वांचेच व्यवहार कोसळतात. म्हणून साखळीत घर विकणाऱ्याला खरेदीदाराच्या स्थितीचे मोल किमतीइतकेच असते. ज्याला स्वतःचे घर विकायचे नाही त्याने पाच हजार पाउंड कमी दिले तरी तोच परवडतो. खरेदीदाराच्या स्थितीची ही माहिती विकणाऱ्याला एजंटाकडूनच मिळते, आणि आम्ही नेमके तेथेच फसवले गेलो.

घर बाजारात आल्यावर एजंटाने ४,६५,००० पाउंडांची ऑफर आणली. खरेदीदार ‘कॅश बायर’, म्हणजे रोख पैशांनी घर घेणारा, आहे, त्याला स्वतःचे घर विकायचे नाही, साखळी त्याच्यापाशीच संपते, असे त्याने फोनवर सांगितले. आम्ही हे लेखी मागितले तेव्हा ते मेमोरँडम ऑफ सेलमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंची नावे, पत्ते, किंमत आणि सॉलिसिटर यांची नोंद असलेल्या त्याच्याच पत्रात, स्पष्ट शब्दांत लिहून आले. दुसरी कुठली ऑफर आहे का, या प्रश्नावर ‘चौकशा पुष्कळ आहेत, पण ऑफर ही एकच’ असे उत्तर मिळाले. त्या भरवशावर आम्ही मेडनहेडच्या घराचा सर्व्हे करून घेतला, सर्चेसचे पैसे भरले, मॉर्गेजची तयारी केली. घरासमोर ‘सोल्ड, सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ (विकले, पण करार बाकी) अशी पाटी लागली.

एक्स्चेंजची तारीख ठरत आली असताना एजंटाचा फोन आला. सर्व्हेत ओल आढळल्यामुळे खरेदीदार आता ४,५०,००० पाउंडच देणार, आणि आम्ही शुक्रवारपर्यंत हो म्हटले नाही तर साखळी तुटेल, असे त्याने सांगितले. सर्व्हेतील तो भाग दाखवा, असे आम्ही म्हटले. तो कधीच आला नाही. उलट, एवढ्या थोड्या रकमेसाठी मेडनहेडचे घर घालवू नका, असे एजंट आम्हांला दिवसाआड समजावू लागला. येथे एक हिशेब लक्षात घ्यावा. आमच्या करारात कमिशन सव्वा टक्का अधिक व्हॅट असे होते. किंमत १५,००० पाउंडांनी उतरली तर एजंटाच्या बिलात व्हॅट धरून अवघा २२५ पाउंडांचा फरक पडतो. व्यवहार फिसकटला तर मात्र त्याचे जवळजवळ सात हजार जातात. त्यामुळे किमतीत तडजोड करा, असे एजंट सांगतो तेव्हा तो सल्ला कोणाच्या फायद्याचा आहे हे वेगळे सांगायला नको.

त्याच आठवड्यात दाराच्या पत्रपेटीतून एक चिठ्ठी आत पडलेली सापडली. वहीच्या रेघी पानावर निळ्या बॉलपेनने, नीट अक्षरांत, एका तरुण जोडप्याने लिहिले होते की त्यांनी आमचे घर दोनदा पाहिले होते आणि ४,६०,००० पाउंडांची ऑफर ईमेलने दिली होती. हे त्यांचे पहिलेच घर असून विकण्याजोगे काही त्यांच्याकडे नव्हते. परंतु एजंटाच्या मॉर्गेज सल्लागाराला भेटल्याशिवाय ऑफर पुढे जाणार नाही असे त्यांना सांगण्यात आले होते आणि त्यांनी नकार दिल्यावर कोणी फोनही उचलला नव्हता. पाटी अजून तशीच दिसते, म्हणून थेट विचारत आहोत, असे शेवटी लिहून खाली फोन नंबर दिला होता. माझ्या पत्नीने ते पान दोनदा मोठ्याने वाचले.

कुठेतरी पाणी मुरते आहे हे उघड होते. मेमोरँडममधील खरेदीदाराचा पत्ता आम्ही राइटमूव्ह या घरविक्रीच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर शोधला. ते घर विक्रीला होते, आणि जाहिरातीखाली आमच्याच एजंटाचे नाव होते, फक्त शाखा शेजारच्या गावातली. आमच्या सॉलिसिटरने समोरच्या सॉलिसिटरला सरळ प्रश्न विचारला: ही खरेदी दुसऱ्या कुठल्या विक्रीवर अवलंबून आहे का? दोन ओळींचे उत्तर आले की होय, त्यांच्या अशिलाच्या घराची विक्री सोबतच व्हायची आहे. म्हणजे कॅश नव्हतीच. जी होती ती त्या घराच्या भिंतींत अडकलेली होती. एजंटाला मात्र दोन घरांचे कमिशन मिळणार होते, आणि त्यासाठी साखळी खरोखरच जिथे संपत होती त्या जोडप्याला त्याने बाजूला सारले. ठाऊक नव्हते असे म्हणायची त्याला सोय नव्हती, कारण ते दुसरे घर त्याचीच कंपनी विकत होती. शिवाय मनी लाँडरिंगविरोधी २०१७ च्या नियमांप्रमाणे खरेदीदाराची ओळख पटवण्याची जबाबदारी एजंटावरच असते.

आम्ही किंमत उतरवण्यास नकार दिला आणि त्या खरेदीदाराशी चाललेला व्यवहार थांबवला. चिठ्ठी लिहिणाऱ्या जोडप्याला फोन केला. त्यांनी ४,६०,००० चा शब्द पाळला आणि घर त्यांनाच विकले गेले. मेडनहेडचे कुटुंब मात्र तेवढे थांबू शकले नाही, कारण त्यांची स्वतःची पुढची खरेदी हातची जात होती. त्यांना दोष देता येत नाही. मुलीची शाळा पाहून निवडलेले ते घर, त्यावर झालेला सर्व्हे, सर्चेस आणि सॉलिसिटरचा खर्च, सगळे वाया गेले आणि आम्हांला भाड्याच्या घरात जावे लागले.

एवढ्यावरही थांबले नाही. ज्या जोडप्याची ऑफर त्याने लपवली होती, त्याच जोडप्याला घर ‘आम्ही दाखवले’ म्हणून एजंटाने आम्हांला ६,९०० पाउंडांचे बिल पाठवले. याचा मला सर्वांत अधिक संताप आला. करारातील शब्द त्याच्या बाजूचे होते: सोल एजन्सीच्या, म्हणजे विक्री एकाच एजंटाकडे देण्याच्या, मुदतीत एजंटाने आणलेल्या खरेदीदाराला घर विकले तर कमिशन द्यावे लागते. सोल सेलिंग राइट्स असतील तर परिस्थिती याहून वाईट, कारण मग तुम्ही स्वतः आपल्या चुलतभावाला घर विकले तरी एजंटाचे पैसे लागतात. ‘रेडी, विलिंग अँड एबल पर्चेसर’ असे कलम दिसले तर ते खोडायलाच लावावे. त्याखाली विक्री पूर्ण झाली नाही तरी फी मागता येते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. एजंटाचे बिल बहुधा सॉलिसिटरच विक्रीच्या रकमेतून परस्पर चुकते करतो. बिलाविषयी वाद असेल तर ते देऊ नये, असे सॉलिसिटरला आधीच लेखी कळवावे लागते. आम्ही तसे कळवले होते, म्हणून पैसे आमच्याकडे राहिले.

त्यानंतर आम्ही एजंटाकडे आमच्याविषयीची सर्व माहिती मागितली. डेटा प्रोटेक्शनच्या कायद्याखाली असा अर्ज कोणालाही विनाशुल्क करता येतो आणि सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. कागद आले त्यांत इतरांची नावे काळी केलेली होती, पण ४,६०,००० च्या ऑफरची नोंद तारखेसह होती, आणि तिच्यापुढे ‘सल्लागाराची भेट होईपर्यंत मालकांना कळवू नये’ असा शेरा होता. इस्टेट एजंट्स ॲक्ट १९७९ च्या आधाराने निघालेल्या १९९१ च्या आदेशानुसार आलेली प्रत्येक ऑफर एजंटाने विकणाऱ्याला तत्परतेने आणि लेखी कळवली पाहिजे, आणि आपली मॉर्गेजसारखी सेवा घेत नाही म्हणून कोणा खरेदीदाराला डावलता कामा नये. त्या एका शेऱ्याने दोन्ही नियम धाब्यावर बसवले होते.

इंग्लंडमध्ये इस्टेट एजंट होण्यासाठी परवाना किंवा परीक्षा लागत नाही, परंतु सरकारमान्य तक्रार निवारण योजनेचे सभासदत्व घ्यावेच लागते. प्रॉपर्टी ऑम्बुड्समन आणि प्रॉपर्टी रिड्रेस या त्या दोन योजना. आमच्या तक्रारीचा निर्णय ऑफर दडवणे आणि खरेदीदाराची चुकीची माहिती देणे या दोन्ही मुद्द्यांवर आमच्या बाजूने लागला आणि एजंटाला अर्धी फी सोडावी लागली. उरलेली अर्धी आम्ही भरली, कारण खरेदीदाराला पहिल्यांदा घर त्यानेच दाखवले होते हे नाकारता येत नव्हते. गेलेले घर कुठलीही योजना परत देऊ शकत नाही.

सध्या ज्यांचे घर बाजारात आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ऑफर स्वीकारण्याआधी खरेदीदाराच्या पैशांचा पुरावा मागा, आणि दुसऱ्या विक्रीवर खरेदी अवलंबून आहे का हा प्रश्न तुमच्या सॉलिसिटरकडून समोरच्या सॉलिसिटरला लेखी विचारून घ्या; सर्व्हे आणि सर्चेसवर पैसे घालण्यापूर्वी ते उत्तर हातात असू द्या. घर पाहायला येणाऱ्यांशी शक्य असेल तेव्हा स्वतः बोला. एजंट दोन्ही घरे विकतो आहे का, हे पत्ता टाकून पाहायला पाच मिनिटे लागतात. आणि फसवणूक झालीच तर तक्रार आधी एजंटाकडे लेखी करावी लागते. आठ आठवड्यांत समाधान झाले नाही, किंवा त्याचे अंतिम उत्तर हाती आले, की योजनेकडे जाता येते, आणि त्या अंतिम उत्तरापासून बारा महिन्यांची मुदत असते.