चाकातल्या आवाजाचे १४,२५० रुपये

चौदा हजार दोनशे पन्नास. अक्षरात लिहिलं, म्हणजे आकडा चुकला असं कोणाला वाटू नये. ९,००० फोनवरून गेले, ५,२५० रोख. रोख पैसे कापसाचे होते, त्यातून आईचा चष्मा आणि औषधं घ्यायची होती.

आईला डोळे दाखवायला सेवाग्रामला नेत होतो. आमच्या गावाहून पांढरकवड्याला जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू आहे, जिकडे तिकडे गिट्टी पसरलेली. हायवेला लागलो, करंजी मागे पडलं आणि समोरच्या डाव्या चाकातून आवाज सुरू झाला. खर्रर्र, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा. गाडी पळवली की जोरात, हळू केली की हळू. आई म्हणे, "थांबव बापा, काही तुटून राहिलं."

वडकीच्या पुढे एका धाब्याजवळ थांबलो. बाजूलाच गॅरेजची टपरी. मी कोणाला हाक मारली नव्हती, एक जण आपणहून आला. "दुरूनच ऐकलं भाऊ. बेअरिंग गेलं तुमचं." वाकून पाहिलंसुद्धा नाही आणि निदान तयार! हे तिथेच खटकायला पाहिजे होतं. पण खरी चूक पुढे झाली.

त्यानं पान्ह्यानं चाकाचे नट ढिले केले, जॅक लावला, चाक वर उचललं आणि वरून-खालून धरून हलवलं. चाक डगडगलं. "पाहा, पाहा. असेच गेले तर हिंगणघाटच्या अलीकडंच चाक निघून पडन. मागं म्हातारी माय बसली हाये, पाहा बा तुमी."

नट ढिले असताना कोणत्याही गाडीचं चाक हलणारच. कालच घेतलेल्या नव्या गाडीचंही हलेल. माझ्या हातानं मी ट्रॅक्टरची चाकं खोलली आहेत, हे मला माहीत नाही असं नाही. पण चाक काढायचं असलं की नट जमिनीवरच ढिले करतात, ही रीतच आहे, म्हणून मला त्यात वावगं दिसलं नाही. माझ्यापासून दोन हातांवर त्यानं ते केलं आणि मी पाहत उभा होतो. आजही रात्री तेच डोळ्यांसमोर येतं. चाकाचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, तपासायचा तो नट आवळलेले असताना, हे लक्षात ठेवा.

मी भोळा नाही. पण आई शुगरची पेशंट, ऊन तापलेलं, बारापर्यंत ओपीडीत पोहोचायचं, आणि चाक निघेल म्हणून समोरचा सांगतो. तुम्ही काय केलं असतं?

"मायला उन्हात नका ठेवू, चहा प्या तिकडं," म्हणून त्यानं आम्हाला धाब्यावर पाठवलं. चाळीस मिनिटांत काम झालं. बिल साध्या कागदावर: दोन्हीकडची बेअरिंगं ५,६००, डाव्या एक्सलचा जॉइंट ६,५००, मजुरी १,८००, ग्रीस-ऑइल ३५०. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. 'जुनं' म्हणून एक गंजकं बेअरिंग हातात दिलं. आवाज खरोखर गेला होता. मी त्या माणसाचे आभार मानून निघालो, याची आता फार लाज वाटते.

आठ दिवसांनी गावातल्या आमच्या मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यानं चाक काढलं आणि गप्प झाला. एक्सलच्या रबरी बुटावर दोन पावसाळ्यांचा चिखल तसाच वाळलेला. एक्सलच्या नटाची कड तो फिरू नये म्हणून कंपनीत ठोकलेली असते, ती ठोकणी जशीच्या तशी, वरून गंज. तो नट खोलल्याशिवाय या गाडीचं पुढचं बेअरिंग निघतच नाही, आणि बेअरिंग बसवायला प्रेस, म्हणजे दाबून बसवायचं यंत्र, लागतो. त्या टपरीत प्रेस नव्हता. मला दिलेलं बेअरिंग तर आमच्या गाडीचंच नव्हतं. ब्रेक डिस्कमागच्या पत्र्यावर ताजा गोल ओरखडा होता. डिस्क आणि पत्रा यांच्यात गिट्टीचा खडा अडकला होता, टपरीवाल्यानं तो काढला आणि फेकला. बस, एवढंच.

असा खडा बरेचदा गाडी थोडी मागे-पुढे घेतली तरी पडतो. गिट्टीच्या रस्त्यावरून आल्याबरोबर अचानक खरखर सुरू झाली तर आधी हेच करा. बेअरिंगचा आवाज वेगळा असतो: घुंऽऽ असा, वेगासोबत वाढणारा, वळणावर बहुधा कमी-जास्त होणारा. पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट वाजलं तर एक्सलचा जॉइंट पाहा.

मग पोलीस. आमचं ठाणं म्हणे, "ती हद्द आमची नाही." तिकडच्या ठाण्यात गेलो तर, "काम करून घेतलं, पैसे देल्ले, आवाजही गेला. मग फसवणूक कायची?" भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. फसवून पैसे काढणं हा न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली दखलपात्र गुन्हा आहे. मी हे छापून नेलं होतं. हवालदारानं कागद न वाचता परत दिला. "साहेब बंदोबस्तात हायेत, सोमवारी या." सोमवारी गेलो, साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्या खेपेला म्हणे, ग्राहक मंचात जा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तर, पिन तुम्हीच टाकला ना? बँकेचंही तेच. आरटीओत सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं? प्रत्येकानं दुसरं दार दाखवलं. या चकरांत १,१०० चं पेट्रोल गेलं आणि कापूस वेचणीचे तीन दिवस बुडाले.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मात्र तक्रार नोंदवून घेतली. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल घ्या, कागद साधा असला तरी घ्या. टपरीचा फोटो काढा. गाडी जॅकवर असेपर्यंत तिथून हलू नका, चहा कोणी कितीही आग्रहानं देवो.

वडकी ते हिंगणघाट पट्ट्यात कोणाला असंच गंजकं बेअरिंग हातात मिळालं असेल तर ते फेकू नका. बिलासकट माझ्याशी बोला. माझं मी पिशवीत बांधून ठेवलं आहे, आयोगापुढे ठेवायला.