डिन रेलच्या जाडीत झालेली फसवणूक

नकली एमसीबी (जादा प्रवाह आल्यावर आपोआप बंद पडणारा स्विच) आणि बनावट कॉन्टॅक्टर (मोटारीसारखा भार चालू-बंद करणारा विद्युत स्विच) यांच्याविषयी कंट्रोल पॅनेल बांधणारे सगळेच सावध असतात, पण हे सारे ज्या पत्र्याच्या पट्टीवर बसवायचे त्या डिन रेलमध्येही कुणी हात मारील, हे सहसा ध्यानीमनी नसते. आमची फसवणूक नेमकी तिथे झाली.

आयईसी 60715 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नेहमीच्या वापरातली पोलादी रेल 35 मिमी रुंद, 7.5 मिमी खोल आणि 1 मिमी जाड असते. आमच्या ऑर्डरमध्ये ही तिन्ही मापे आणि झिंक प्लेटिंग स्पष्ट नमूद केलेले होते. विक्रेत्याने दाखवलेला नमुना चोख होता आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेटही होते. प्रत्यक्षात प्रत्येक गठ्ठ्यातल्या वरच्या पट्ट्या तेवढ्या 1 मिमीच्या आणि आतला सगळा माल 0.7 मिमीचा निघाला. रुंदी आणि खोली मात्र बिनचूक ठेवलेली होती, त्यामुळे वरवर व्हर्नियर लावणाऱ्याला काहीच खटकत नाही.

बिंग फुटले ते वायरिंगच्या वेळी. एंड स्टॉपरचा (रांग सरकू नये म्हणून टोकाला बसवायच्या अडकणीचा) स्क्रू पूर्ण आवळूनही टर्मिनलची, म्हणजे वायरी जोडायच्या ठोकळ्यांची, रांग बोटाने सरकत होती, आणि जरा जोर लावताच रेलची कड वर वाकली. एवढ्यावर निभावले असते तर गोष्ट वेगळी. खरा धोका अर्थिंगचा आहे. अर्थ टर्मिनलचा धातूचा पाय रेलची कड पकडतो आणि रेल स्वतःच अर्थ कंडक्टरचे काम करते. 1 मिमी जाडीची ही पोलादी रेल त्या कामी 16 चौरस मिमी तांब्याच्या बरोबरीची धरतात, 0.7 मिमीच्या पट्टीला हा हिशेब लागू होत नाही, शिवाय पायाची पकडही ढिली राहते. मल्टिमीटर बीप देतो म्हणून समाधान मानू नये, कारण त्याचा प्रवाह अगदी किरकोळ असतो आणि फॉल्टचा, म्हणजे बिघाडाच्या वेळचा, प्रवाह तसा नसतो.

जाडी मोजताना कापलेल्या टोकाशी मायक्रोमीटर लावू नये, तिथे कटरची बर (कापताना उठलेली धातूची खरखरीत कड) उरलेली असते आणि माप फुगते (विक्रेत्याच्या माणसाने आम्हाला तिथेच मोजून दाखवले होते). टोक कानसून किंवा टोकापासून आत, भोकांच्या कडा टाळून मोजावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे गठ्ठ्याच्या मधली पट्टी काढून खात्रीच्या तेवढ्याच लांबीच्या, तशाच भोकांच्या पट्टीशी वजनाने ताडून पाहणे, 0.7 मिमीची पट्टी सुमारे 30 टक्के हलकी भरते, आणि ते हातालाही जाणवते.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने बिल पुढे केले. त्यावर फक्त "डिन रेल 35 मिमी" एवढेच छापलेले होते, आणि सर्टिफिकेटवर लॉट क्रमांकच नव्हता, म्हणजे तो कागद कोणत्याही मालाला चिकटवता आला असता. न उघडलेले गठ्ठे त्याने परत घेतले; कापलेल्या रेलचे पैसे आणि बसवलेली पॅनेल उसवून पुन्हा बांधण्याची मजुरी मात्र त्याने साफ नाकारली. आता आम्ही बिलावर जाडी आणि लॉट क्रमांक छापून आल्याशिवाय गाडी उतरवून घेत नाही.