आखूड नळीची नोंदणीकृत रायफल : स्वतः तयार करावी की तयार घ्यावी?

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार ज्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा कमी आहे किंवा जिची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी आहे, ती आखूड नळीची रायफल ठरते. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली, म्हणजे ज्याला सगळे एनएफए म्हणतात त्या कायद्याखाली, तिची नोंदणी करावीच लागते. ती कायदेशीरपणे मिळवण्याचे सामान्य माणसासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आपल्याजवळच्या रायफलीसाठी फॉर्म १ वर एटीएफची (शस्त्रांची नोंदणी पाहणाऱ्या संघीय खात्याची) मंजुरी घेऊन ती स्वतः आखूड करणे, आणि दुसरा म्हणजे कारखान्यातूनच आखूड म्हणून नोंदलेली रायफल विक्रेत्याकडून फॉर्म ४ वर आपल्या नावे करून घेणे. या दोहोंत निवड करताना लोक पैशांकडे आधी पाहतात, आणि माझ्या मते तिथेच गल्लत होते.

२०२५ अखेरपर्यंत तयार करण्यासाठीही २०० डॉलर आणि नावे करून घेण्यासाठीही २०० डॉलर कर होता. म्हणजे कराने या दोन मार्गांत फरक केला नव्हता. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने आखूड रायफलींवरचा हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. मात्र कर शून्य झाला म्हणजे नोंदणी सुटली, असा जो समज काही ठिकाणी ऐकू येतो तो धोक्याचा आहे. अर्ज, छायाचित्र, बोटांचे ठसे, स्थानिक पोलीसप्रमुखाला पाठवायची प्रत आणि मंजुरीची वाट पाहणे हे सगळे जसेच्या तसे आहे. नोंदणीविना अशी रायफल बाळगणे हा आजही दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

अर्ज भरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे स्वच्छ हवीत. पहिला प्रश्न राज्याचा. संघीय मंजुरी राज्याच्या बंदीवर मात करत नाही, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी व हवाई या राज्यांत सामान्य नागरिकाला अशी रायफल ठेवता येत नाही. आपली बरीच मराठी कुटुंबे न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात राहतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. टेक्सास, व्हर्जिनिया किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांना ही अडचण नाही. दुसरा प्रश्न व्हिसाचा. एच-१बी किंवा एच-४ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळातच मनाई आहे. वैध शिकारपरवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या आधारावर एनएफएच्या अर्जात उतरण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रीन कार्डधारकाला मात्र या कारणाने मनाई नाही.

आता दोन मार्ग शेजारी ठेवून पाहू. फॉर्म ४ च्या मार्गात रायफल आधीच अस्तित्वात असते, तिच्यावरच्या खुणा उत्पादकाने कोरलेल्या असतात, आणि मंजुरी येईपर्यंत ती विक्रेत्याच्या ताब्यात राहते. दुसऱ्या राज्यातली रायफल थेट आपल्याकडे येत नाही. ती आधी आपल्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे येते आणि मग त्याच्याकडून आपल्या नावे होते. खरेदीदाराला काहीही कोरायचे नसते, आणि चूक करायला जागाही फारशी नसते. फॉर्म १ च्या मार्गात मूळ रायफल आपल्याच घरी असते, पूर्ण लांबीच्या नळीने ती वाट पाहण्याच्या काळातही वापरता येते, आणि नळीची निवड आपल्या मनाप्रमाणे करता येते. पण कायद्याच्या दृष्टीने या मार्गात आपण त्या शस्त्राचे ‘निर्माते’ होतो, आणि निर्मात्याच्या सगळ्या जबाबदाऱ्या आपल्यावर येतात.

त्यातली पहिली जबाबदारी संयमाची आहे. मंजुरी हाती येण्याआधी आखूड नळी बसवायची नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण जिचा आपल्याकडच्या रायफलीवर बसवण्यावाचून दुसरा कोणताही कायदेशीर उपयोग नाही अशी आखूड नळी आधीच आणून घरात ठेवणे हेही जोखमीचे आहे. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसन/सेंटर आर्म्स कंपनीच्या खटल्यात कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तो कंपनी विकत असलेल्या संचातल्या सुट्या भागांपासून कायदेशीर पिस्तूल आणि कायदेशीर लांब रायफल अशा दोन्ही गोष्टी तयार होऊ शकत होत्या म्हणून. ज्याच्याकडे एकच रायफल आहे आणि शेजारी फक्त तिच्यावरच बसणारी साडेदहा इंचांची नळी आहे, त्याला त्या निकालाचा आधार मिळेलच असे नाही. मंजुरी आल्यावरच नळी मागवावी.

दुसरी जबाबदारी कोरकामाची. या बाबतीत अर्धवट माहितीवर चालणारे लोक मी सर्वांत जास्त पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. परवानाधारक कारखान्याच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळी आणि यंत्रणा ज्यात बसते त्या रायफलीच्या मुख्य सांगाड्यावर, अनुक्रमांक आधीच असतो. फॉर्म १ वर तोच द्यायचा असतो, नवा शोधून काढायचा नसतो, आणि जुन्या खुणांना धक्काही लावायचा नसतो, कारण अनुक्रमांक खोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपण जे वाढवायचे ते म्हणजे निर्मात्याचे नाव, शहर आणि राज्य, आणि मॉडेल व कॅलिबर (गोळीचे माप) आधी नसतील तर तेही. राज्याचे रूढ लघुरूप चालते. अक्षरे रोमन आणि अंक इंग्रजी असावे लागतात, त्यामुळे देवनागरीत नाव कोरण्याची हौस इथे भागत नाही. खोली किमान ०.००३ इंच हवी. अनुक्रमांकाच्या अक्षरांची उंची किमान एक षोडशांश इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर हवी, आणि इतर अक्षरेही त्याच मापाची ठेवली तर वाचायला सोपी जातात.

ॲल्युमिनियमच्या काळ्या रिसीव्हरवर लेझरची एकच हलकी फेरी मारली की अक्षरे पांढरीशुभ्र उमटतात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात लेझरने वरचा रंग फक्त जाळलेला असतो. बोटाच्या नखाने अक्षरावरून आडवी ओढ घेतली तर नख कुठे अडत नाही. खोली मोजतात ती धातूच्या सपाट पृष्ठभागापासून, त्यामुळे त्याच रेषांवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात, किंवा फिरत्या टोकाच्या यंत्राने धातू खरवडावा लागतो. मी कोरकाम करून घेतले तेव्हा पहिल्या खेपेला असेच उथळ काम हाती आले होते, आणि रिसीव्हर परत नेऊन तेच काम दुसऱ्यांदा करून घ्यावे लागले. कारागिराला ‘नाव कोरा’ एवढेच सांगू नये. खोली किती आणि अक्षराची उंची किती, हे कागदावर लिहून द्यावे आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी खोली मोजून दाखवायला सांगावे. नाव आणि शहर नळीवर कोरू नये. नळी झिजते, बदलते, आणि तिच्याबरोबर खूणही जाते. म्हणून रिसीव्हरच बरा. नंतर दुसऱ्या शहरात राहायला गेलात तरी पुन्हा कोरावे लागत नाही.

कोरायचे ते नाव अर्जावरचे असते, आणि इथे वैयक्तिक नोंदणी की ट्रस्ट हा प्रश्न येतो. वैयक्तिक नोंदणीत रायफल एकाच माणसाची. मालक घरी नसताना पत्नीला किंवा मुलाला तिजोरीचा क्रमांक ठाऊक असणे ही बेकायदा ताब्याची अडचण होऊ शकते. ट्रस्टमध्ये सगळे विश्वस्त ती कायदेशीरपणे हाताळू शकतात. मात्र जुलै २०१६ पासून ट्रस्टच्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला आपले छायाचित्र आणि ठसे द्यावे लागतात, त्यामुळे पाच विश्वस्तांचा ट्रस्ट म्हणजे पाच जणांची कागदपत्रे. एच-४ वर असलेल्या जोडीदाराला केवळ सोयीसाठी विश्वस्त करू नये, कारण शस्त्र बाळगायची मनाई ट्रस्टच्या आडून टळत नाही. शिवाय फॉर्म १ च्या मार्गात ट्रस्टचे नाव धातूवर कोरावे लागते. ज्यांनी आजोबा, गाव आणि कुलदैवत असे सगळे गुंफून ट्रस्टचे लांबलचक नाव ठेवले, त्यांना रिसीव्हरवर जागा पुरत नाही. एक-दोन शब्दांचे नाव ठेवावे.

नोंदणीच नको असेल तर साडेचौदा इंचांच्या नळीच्या टोकावर फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाला दडवणारा तुकडा) कायमचा जोडून नळीची एकूण लांबी १६ इंच करता येते. बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग, बंद करून नळीत टोकाकडून सळई सोडायची, ती बोल्टला टेकली की टोकाशी खूण करायची आणि बाहेर काढून मोजायची. कायदा लांबी अशीच मोजतो. कायमची जोडणी म्हणजे वितळवून केलेले जोडकाम, उच्च तापमानाचे चांदीचे झाळण, किंवा पिन ठोकून तिच्या डोक्यावर केलेले वेल्डिंग. २०० डॉलरांचा कर होता तेव्हा हा मार्ग अनेकांना शहाणपणाचा वाटे. आता त्याचे आकर्षण कमी झाले आहे, पण जो दर महिन्याला राज्याची सीमा ओलांडून नेमबाजीला जातो त्याला मी अजूनही हाच मार्ग सुचवेन.

कारण नोंदणीकृत आखूड रायफल दुसऱ्या राज्यात नेण्याआधी एटीएफच्या ५३२०.२० या अर्जावर मंजुरी घ्यावी लागते, मग ती फॉर्म १ ची असो वा फॉर्म ४ ची. सायलेन्सरही एनएफएखालीच येतो, पण त्याला हा नियम नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे आधीपासून सायलेन्सर आहे ते हमखास इथे फसतात. एकाच ठिकाणी वारंवार जायचे असेल तर तारखांचा मोठा टप्पा एकाच अर्जात मागता येतो. पहिल्यांदाच एनएफएच्या वाटेला जाणाऱ्याने फॉर्म ४ घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे हवी ती रायफल आधीच आहे आणि जो कोरकाम करणाऱ्यासमोर मोजपट्टी घेऊन उभा राहायला तयार आहे, त्याने फॉर्म १ भरावा. मंजुरीपत्राची एक प्रत दोघांनीही रायफलीच्या पेटीत ठेवावी, कारण एटीएफच्या अधिकाऱ्याने मागितल्यास नोंदणीचा पुरावा दाखवणे मालकाला बंधनकारक आहे.